खेड्यात काम करायचंय, बडोद्यात राहतो, बी.कॉम. झालंय: एमएसडब्ल्यू करू का?

कर. एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) दोन वर्षांचं असतं आणि कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तेव्हा बी.कॉम.ची अडचण नाही. उलट गावात बचत गटाच्या वह्या तपासायची वेळ आली की तोच बी.कॉम. कामी येतो!

सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा घरच्या घरीच आहे. घर सोडायची तयारी असेल तर टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूर केंद्र बघ. तिथला भर ग्रामीण भागावरच आहे. आणंदचं इर्मा (ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था) जवळ असलं तरी ते व्यवस्थापन शिकवतं. दूधसंघ, सहकार, पुरवठा असल्या कामाची ओढ असेल तरच तिकडे जा.

खरं शिक्षण फील्डवर्कमध्ये. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत, वस्तीत किंवा गावात जायचं, अहवाल लिहायचा, मग सुपरवायझरबरोबर त्यावर चर्चा. फील्डवर्कची जागा शहरातल्या दवाखान्यात मिळाली तर गाव लांबच राहतं, म्हणून पहिल्याच सत्रात तोंड उघडून गाव माग.

गाव मागताना छोटा उदेपूरकडचं बघ; तो भाग २०१३ पर्यंत आपल्याच बडोदा जिल्ह्यात होता. तिथे राठवा हा आदिवासी समाज मोठा, घरात राठवी बोलतात. आपलं बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी तिथे उपयोगाचं नाही, आणि शहरी गुजरातीनेही सगळं भागत नाही. प्रवेशाआधी महिनाभर एखाद्या संस्थेबरोबर तिकडे राहून ये. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, ते घरी आधीच सांगून ठेव.