डायोरामात मांडलेला रणगाडा वरून आणून ठेवल्यासारखा दिसतो. बांधणीत आणि रंगकामात काय बदलावे?

तुम्ही लिहिले आहे की १:३५ प्रमाणातला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) रणगाडा आता तुमच्या हातून स्वच्छ जोडला जातो आणि एकटा ठेवला तर शोभूनही दिसतो, पण डायोरामात, म्हणजे जमीन, वाहन आणि माणसे यांच्या छोट्या प्रतिकृतीदृश्यात, मांडला की तो त्या दृश्याचा वाटत नाही. तुमचे रंगकाम मी पाहिलेले नाही, तरीही माझ्या अनुभवावरून सांगतो की दोष बहुधा कामाच्या क्रमात असतो. आपण आधी वाहन पूर्ण करतो, मग त्याच्यासाठी जमीन तयार करतो आणि शेवटी दोन्ही एकत्र आणतो. प्रत्यक्षात वाहनाचा आणि जमिनीचा महिना, हवामान आणि माती एकच असायला हवी, आणि ती किटमधला (सुट्या भागांच्या संचातला) पहिला भाग कापण्यापूर्वी ठरलेली असायला हवी.

माझा पहिला डायोरामा याच कारणाने फसला. एक टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा मी कित्येक आठवडे खपून रंगवला, त्यानंतर प्लास्टरचा चिखलाचा रस्ता केला आणि तो वाळल्यावर रणगाडा त्यावर चिकटवला. डोळे टेबलाच्या पातळीला आणून पाहिले तेव्हा चाकांभोवतीच्या पट्ट्यांखालून (ट्रॅकखालून) आरपार उजेड दिसत होता. फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची होती, परंतु त्या प्रमाणात ती साडेसतरा मिलिमीटर होते. पंचवीस टनांहून जड असे यंत्र चिखलावर तरंगत उभे आहे, हे पाहणाऱ्याला शब्दांत सांगता आले नाही तरी डोळ्यांना खुपतेच.

म्हणून सुरुवात प्रसंगापासून करावी: कोणते सैन्य, कोणते वर्ष, कोणता ऋतू, पाऊस पडून गेला आहे की धूळ उडते आहे. यातले बरेचसे रंग इतिहासच ठरवून देतो. जर्मन वाहने दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या काही वर्षांत प्रामुख्याने गडद करड्या रंगाची होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळा हा मूळ रंग ठरला आणि त्यावर मारण्यासाठी हिरवा व तांबूस तपकिरी रंग घट्ट लेपाच्या रूपात तुकड्यांना दिला जाऊ लागला. तो लेप पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून सैनिक स्वतःच मारत, त्यामुळे एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांवरचे रंगाचे पट्टे सारखे नसत, आणि पाण्यात कालवलेला रंग पावसाने ओघळतही असे. ही एक गोष्ट माहीत असली तरी रंगवणाऱ्याचा हात मोकळा होतो. आखीवरेखीव छलावरणापेक्षा (शत्रूच्या नजरेपासून लपवणाऱ्या रंगकामापेक्षा) ठिकठिकाणी विरलेले, असमान छलावरण अधिक खरे ठरते. तसेच पँथर किंवा टायगर या जर्मन रणगाड्यांवरचा झिमेरिटचा (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणूनचा) खरबरीत लेप १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंतच कारखान्यात लावला जात होता, तेव्हा त्याच्या असण्या-नसण्यावरूनही जाणकार तुमच्या दृश्याचा काळ वाचतो.

प्रसंग ठरला की जमिनीचा कच्चा आकार आधी करावा. दाट फोमच्या तुकड्यात चढउतार कोरावेत, आणि वाहनाचा खालचा भाग न रंगवता, चाके नुसती अडकवून, त्यावर उभा करून पाहावा. येथेच सर्वांत महत्त्वाचा निर्णय होतो. खऱ्या वाहनाचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे किंवा जोडीने वरखाली होते. दगडावर आलेले चाक वर उचलले जाते आणि खड्ड्यावरचे खाली उतरते. किटमध्ये मात्र चाकांचे दांडे एका रांगेत बसावेत म्हणून खाचा आणि खुंट्या दिलेल्या असतात. त्या खुंट्या कापून टाकाव्यात, जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे प्रत्येक दांड्याचा कोन जुळवावा आणि वाहन जमिनीवर ठेवूनच गोंद वाळू द्यावा. एवढे एकच काम केले तरी तुमचा निम्मा प्रश्न सुटेल, असे मला मनापासून वाटते.

पट्ट्यांच्या बाबतीतही वजन दिसले पाहिजे. टी-३४, पँथर आणि टायगर यांच्या पट्ट्याला वरच्या बाजूने आधाराचे लहान रोलर नसतात, त्यामुळे तो मोठ्या चाकांच्या माथ्यावर लोळतो आणि पुढच्या व मागच्या टोकांकडे झोळ देतो. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या पट्ट्याला वर रोलरांचा आधार असल्याने तो बराच ताणलेला दिसतो. एकेका कडीचे पट्टे असतील तर द्रव गोंद अर्धवट वाळलेला असताना ते चाकांभोवती गुंडाळून वरून फोमच्या पट्टीने दाबून ठेवावेत. झोळ आपोआप बसतो.

उरलेल्या बांधणीबद्दल थोडक्यातच सांगतो. भाग फ्रेमवरून थोडा लांब कापून मग चाकूने सपाट करावा, साच्याची शिवण खरवडून काढावी, दाबखुणा (साच्यातून भाग ढकलताना उमटलेले गोल ठसे) पुटीने भरून ४०० आणि नंतर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्यात. पॉलिस्टायरीनसाठी द्रव गोंदच वापरावा, कारण तो प्लास्टिक विरघळवून दोन भागांचा एक करतो. रेझिन आणि पितळी पत्र्याच्या भागांसाठी सुपरग्लू. रेझिन घासताना तोंडावर मास्क असावाच आणि घासकाम ओले करावे, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

आता रंगाकडे येऊ. प्रायमरचा (रंगाआधीच्या तळरंगाचा) पातळ थर दिला की शिवणी आणि ओरखडे उघडे पडतात. ते तेव्हाच दुरुस्त करावेत. एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठी, रंग दुधाइतका पातळ असावा आणि हवेचा दाब १५ ते २० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास ठेवावा. मूळ रंग बाटलीतून काढून तसाच मारू नये. लहान वस्तूवर तोच रंग खऱ्या वस्तूपेक्षा गडद भासतो, म्हणून त्यात थोडा फिका रंग मिसळावा, आणि आडव्या पृष्ठभागांवर, जिथे ऊन थेट पडते तिथे, आणखी एक फिकट धुके मारावे. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा मी कुठेच वापरत नाही; चाकांचे रबरसुद्धा धुरकट करडेच रंगवतो.

यानंतरच्या थरांत बहुतेकांची गाडी अडते, आणि त्याचे कारण रसायनांत आहे. वरचा थर ज्या द्रावकात पातळ केला जातो त्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये, हा एक नियम पाळला तर भीती उरत नाही. मूळ रंग ॲक्रिलिक असावा, त्यावर चकचकीत वॉर्निश, त्यावर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे), मग पुन्हा वॉर्निश, आणि त्यानंतर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेले एनॅमल किंवा ऑइल कलर. चकचकीत थराशिवाय डिकल लावले तर त्याखाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. वॉश, म्हणजे अतिशय पातळ केलेला गडद रंग, संपूर्ण वाहनावर ओतू नये. बारीक ब्रशचे टोक फक्त रिव्हेट, बिजागरी आणि सांधे यांना लावावे, म्हणजे द्रव आपोआप फटीत धावतो. गडद पिवळ्यावर तपकिरी वॉश चांगला दिसतो, काळा फार उग्र वाटतो. व्हाइट स्पिरिट सांध्यांत साचू देऊ नये, विशेषतः जिथे प्लास्टिकवर ताण आहे तिथे. माझ्या एका रणगाड्याचे दोन दांडे, जे इतक्या मेहनतीने कोनात बसवले होते, वॉश वाळता वाळता तडकले. तेव्हापासून मी थोडाच द्रव घेतो आणि जास्तीचा लगेच कोरड्या ब्रशने टिपून घेतो.

हिवाळ्यातला प्रसंग असेल तर आणखी एक उपाय आहे. मूळ रंगावर वॉर्निश, त्यावर हेअरस्प्रे, आणि त्यावर पातळ पांढरे ॲक्रिलिक मारावे. काही वेळाने ओल्या ताठ ब्रशने घासले की पांढरा रंग कडांवरून, झाकणांभोवतून, सैनिकांचे बूट जिथे पडत तिथून निघू लागतो. खऱ्या वाहनांवरचा तात्पुरता पांढरा रंगही असाच झिजत असे.

झीज दाखवताना प्रमाणाचा हिशोब डोक्यात असावा. एक मिलिमीटरचा टवका म्हणजे साडेतीन सेंटिमीटर, आणि चिखलाचा पाच मिलिमीटरचा गोळा म्हणजे वीतभराला थोडाच कमी. म्हणून स्पंजने उमटवलेले टवके अगदी बारीक आणि मोजकेच असावेत, जिथे हात, पाय किंवा फांद्या लागतात तिथेच. आघाडीवरची अनेक वाहने काही महिन्यांतच निकामी होत, तेव्हा जाड चिलखतावर सर्वत्र नारिंगी गंज दाखवण्यात अर्थ नसतो. तो एक्झॉस्टच्या नळीवर शोभतो. धावत्या रणगाड्याच्या पट्ट्यांची जमिनीला लागणारी बाजू उलट चकाकते, त्यासाठी पेन्सिलीचे शिसे घासावे. शर्मनच्या काही पट्ट्यांवर रबराचे ठोकळे असतात, तिथे मात्र ही चकाकी देऊ नये.

चिखल आणि धूळ हाच वाहनाला जमिनीशी बांधणारा धागा आहे, त्यामुळे दोन्हींसाठी एकाच बरणीतले मिश्रण वापरावे. मी बारीक चाळलेली माती, पिगमेंट पावडर, थोडे प्लास्टर आणि ॲक्रिलिक माध्यम कालवतो, जमिनीवर त्याचा थर देतो आणि त्यातलेच काही वेगळे काढून ठेवतो. वाहनावर आधी फिकट, सुकलेला चिखल वरपर्यंत, मग मध्यम, आणि शेवटी सर्वांत गडद व थोडा चमकदार असा ताजा चिखल फक्त चाकांवर आणि पट्ट्यांवर येतो. ब्रश काडीवर आपटून शिंतोडे उडवले तर ते हाताने काढलेल्या ठिपक्यांपेक्षा खरे दिसतात.

जमिनीचा थर ओला असतानाच उरलेला पट्टा किंचित ओला करून त्यावर दाबावा आणि वाहनामागे माग उमटवावा. माग वाहनाच्या पट्ट्याच्या थेट रेषेत येऊन मिळायला हवा. वाहन वळत असेल तर पट्टे आडवे घासले जातात आणि मातीचा कडा बाहेरच्या बाजूला उभा राहतो, तोही दाखवावा. गुडघ्याएवढे गवत या प्रमाणात साधारण चौदा मिलिमीटरचे असते. तयार गवताचे झुबके लावण्यापूर्वी त्याची उंची पट्टीने मोजावी, कारण तिथे नजर फसते.

मांडणीत वाहन तळाच्या कडेला समांतर ठेवू नये आणि तळ गरजेपेक्षा मोठा करू नये. अमेरिकन कलाकार शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम या कंपनीच्या किटसाठी केलेले डायोरामे पाहावेत. तिथे माणसे काहीतरी करत असतात आणि त्यांच्या नजरा एका घटनेकडे वळलेल्या असतात. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक या प्रमाणात पन्नास मिलिमीटरचा होतो, आणि त्याचे बूटही त्याच चिखलात रुतलेले, त्याच बरणीतल्या रंगाने माखलेले असले पाहिजेत.

वाहन कायमचे चिकटवण्याआधी, तळ मऊ असतानाच ते हलक्या हाताने खाली दाबावे, पट्ट्यांच्या कडेने मिश्रण भरावे आणि सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात पट्टा आणि माती यांच्यामध्ये उजेडाची किंवा काळपट सावलीची तुटक रेघ दिसली तर तिथे पुन्हा मिश्रण घालावे. सर्वांत शेवटी मातीच्या रंगाचे अतिशय पातळ धुके एअरब्रशने चाकांवर आणि आसपासच्या जमिनीवर एकाच फेऱ्यात, हात न उचलता मारावे.