संरक्षण आदेश असूनही नवरा दारात येतो, पोलीस म्हणतात 'कोर्टात जा'. मग हा आदेश म्हणजे नुसता कागदच का?

'नुसता कागद' वाचलं आणि हातातलं ब्लाउज तसंच मशीनवर सोडून लिहायला बसले. हेच दोन शब्द माझ्या सख्ख्या भावाने मला बारा वर्षांपूर्वी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ऐकवले होते.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ताईला आदेश मिळून दोन महिने झाले तरी दाजी दर आठवड्याला दारात येऊन शिव्या घालतात, मग आदेशाचा उपयोग काय? त्यांना अटक किती दिवसांत होईल? आणि ताई दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेली तर हा आदेश तिथे चालेल का? यातलं जेवढं मला माहीत आहे तेवढं सांगते. त्याआधी एक. प्रश्नात तुम्ही अजून 'दाजी' लिहिताय, ते बंद करा.

तुमच्या ठाण्यातला माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला कायदा माहीत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात ३१ वं कलम आहे. संरक्षण आदेश मोडणं हाच वेगळा गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मोडला तरी तेच. ३२ वं कलम म्हणतं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. दखलपात्र म्हणजे गुन्हा नोंदवायला पोलिसांना कोर्टाची परवानगी लागत नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. तिथेच पुढे असंही आहे की एकट्या पीडित बाईच्या जबाबावरूनसुद्धा कोर्ट गुन्हा घडला असं ठरवू शकतं. 'साक्षीदार कुठंय' असं ताईला विचारत असतील तर हे वाक्य त्यांच्यासमोर ठेवा.

आता माझं.

लग्नात वडिलांनी शिलाई मशीन दिलं होतं. त्यावर पिको-फॉल, ब्लाउज करायचे. पैसे माझ्या हातात यायचे आणि सगळं तिथेच सुरू व्हायचं. २०१२ च्या दिवाळीआधी मी पहिल्यांदा ठाण्यात गेले, गाल सुजलेला होता. ठाणे अंमलदाराने एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि म्हणाला, 'घरातली माणसं बोलवा, बसून मिटवू.' (तालुक्याचं नाव सांगत नाही. तो निवृत्त होऊन तिथेच राहतो.)

घरातली माणसं म्हणजे दादा. दादा पतसंस्थेत संचालक, चार लोकांत उठबस. येतानाच शंभराचा स्टँपपेपर घेऊन आला. त्यावर मजकूर काय? 'यापुढे मी पत्नीस मारहाण करणार नाही. पत्नीही घरच्यांशी नमतं घेऊन वागेल, विनाकारण माहेरी जाणार नाही.' मार खाल्लेल्या बाईकडूनसुद्धा हमी घेतली. नवऱ्याची सही, माझी सही, साक्षीदार म्हणून दादाची सही. सगळ्यांनी चहा घेतला. अंमलदाराने दादाच्या पाठीवर थाप मारली, 'भाऊ असावा तर असा.' दादा मला रिक्षात बसवताना म्हणाला, 'मिटलं बघ. संसार मोडायला अक्कल लागत नाही.'

एकोणीस दिवसांनी माझं उजवं मनगट मोडलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने दोनदा विचारलं, कसं झालं. सासू मागे उभी होती. मी म्हटलं, मोरीत घसरले. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं, आणि पुढे समोरच्या वकिलाने ते वाक्य भर कोर्टात दोनदा वाचून दाखवलं. ताईला कधी दवाखान्यात जावं लागलं तर डॉक्टरला खरं सांगायचं आणि पोलीस केस म्हणून नोंद करून घ्यायची. कोण मागे उभं आहे ते बघायचं नाही.

हात प्लास्टरमध्ये असताना आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेने मला संरक्षण अधिकाऱ्याकडे नेलं. या कायद्याखाली बाईला मदत करायला सरकारने नेमलेला असा अधिकारी असतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ठाण्यात तर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बाईला हे सगळं सांगणं हे याच कायद्याच्या ५ व्या कलमाने पोलिसांचं कर्तव्य आहे, हे मला नंतर वकीलबाईंकडून कळलं. त्या अधिकाऱ्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचा ढीग. घरगुती घटना अहवाल नावाचा फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, 'मशीन कुणाचं?'

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. दादानेसुद्धा नाही, आणि मशीन आमच्याच वडिलांचं! मी म्हटलं, माझं, पण आता हात लावू देत नाहीत. त्यांनी स्त्रीधनाच्या यादीत मशीन लिहिलं आणि आर्थिक छळाच्या रकान्यात खूण केली. मारहाण हीच हिंसा नसते, बाईची कमाई रोखणं हीसुद्धा या कायद्यात हिंसा आहे, हे मला त्या खुणेने कळलं.

विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या, फुकट. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा. माझा अंतरिम आदेश दुसऱ्या महिन्यात झाला आणि शेवटचा निकाल सव्वा वर्षाने. त्या मानाने मी नशीबवान म्हणायची. अंतरिम आदेशात होतं: नवऱ्याने माझ्या भाड्याच्या खोलीवर यायचं नाही, मी काम करते त्या जागी यायचं नाही, फोन करायचा नाही. आणि पोलिसांनी सोबत जाऊन मशीन परत मिळवून द्यायचं.

त्याच दिवशी पायऱ्यांवर दादा म्हणाला, 'नुसता कागद आहे. कागदाने कुणी थांबतं का?'

चार दिवसांनी मी टेम्पो घेऊन सासरी गेले, सोबत एक हवालदार. स्टँपपेपरच्या दिवशी चहा आणून देणारा हाच. सासूने मशीन दिलं, पण बॉबिन केस काढून ठेवली होती. बॉबिन केसशिवाय मशीन म्हणजे लोखंड. मी गप्प राहिले, म्हटलं नवीन घेईन. हवालदाराने आदेशाची नक्कल उघडली, बोट ठेवलं आणि सासूला म्हणाला, 'मावशी, इथं मशीन लिहिलंय. मशीन म्हणजे सगळं मशीन.' आत जाऊन डब्यातून काढून आणली तिने. खाली टेम्पोपर्यंत मशीनची एक बाजू त्यानेच धरली.

तीन आठवड्यांनी नवरा मी बसते त्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. काय बोलला ते लिहीत नाही. मी ठाण्यात गेले. तोच अंमलदार, तेच उत्तर: 'कोर्टात जा. पाहिजे तर एनसी लिहितो.' या वेळी वकीलबाईंनी पढवून पाठवलं होतं. हाताने लिहिलेला अर्ज, दोन प्रती. त्यात तारीख, वेळ, तो काय बोलला, कुणी ऐकलं. सोबत आदेशाची नक्कल. ३१ आणि ३२ कलम अर्जातच लिहिलेलं. एनसी नको म्हटलं, गुन्हा नोंदवा, नाहीतर निदान या अर्जाची पोच द्या. तो पोच देईना. मी बाकावर बसून राहिले, साडेचार तास. शेवटी म्हटलं, ठीक आहे, हाच अर्ज एसपी साहेबांना रजिस्टरने पाठवते आणि एक प्रत संरक्षण अधिकाऱ्यांना देते, ते मॅजिस्ट्रेटपुढे ठेवतील. तेव्हा शिक्का उमटला. संध्याकाळी नवऱ्याला उचललं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला जामीन दिला. एकच रात्र आत होता. पण त्यानंतर तो माझ्या गल्लीत दिसला नाही.

तेव्हा उपयोग आहे. ताईने कागद कपाटात ठेवला तर नाही, ठाण्याच्या टेबलावर आपटला तर आहे. आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला फुकट पाठवणं हे कोर्टाचंच काम आहे, ती पोचली का एवढं विचारून घ्या. बऱ्याचदा ती आवक-जावकमध्येच पडून असते.

अटक किती दिवसांत होईल हे मात्र सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. माझी गोष्ट २०१३ ची आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये. त्यामुळे आता आधी नोटीसच निघण्याची शक्यता जास्त. नोटिशीनेही पुष्कळ जण गार होतात. दुसऱ्या जिल्ह्याचं सोपं आहे, आदेश भारतभर चालतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आदेश नीट वाचा. त्यात १८ व्या कलमाखाली 'येऊ नये, संपर्क करू नये' असं आहे का, की फक्त पोटगीचा आकडा आहे? लोक दोन्हीला आदेशच म्हणतात. नुसती पोटगी असेल तर दारात आला म्हणून ३१ लागणार नाही, संरक्षणासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, आणि थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा. मी वकील नाही, शिवणकाम करते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांचे आकडे बदललेत, नवऱ्याच्या-सासरच्या छळाचं ४९८ अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे आकडे तेच आहेत. आणि जीवावर बेतलं तर अर्ज लिहीत बसायचं नाही, ११२ लावायचा.

समुपदेशन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पोलिसांच्या महिलांसाठीच्या विशेष कक्षातल्या समुपदेशक बाई माझ्या मैत्रिणीशी फार नीट बोलल्या, आधी तिलाच एकटीला आत घेऊन विचारलं की तुला काय हवंय. माझा राग मिटवण्यावर आहे. भाऊ, मामा, सरपंच, अंमलदार असे चार पुरुष बसून मिटवतात त्यावर. तुम्हीही भाऊच दिसताय, म्हणून बोलते. तुमच्याकडूनही कुणीतरी लवकरच स्टँपपेपर लिहून मागेल. तो स्टँपपेपर मोडला म्हणून कुठल्या कलमाने कोण आत गेलंय ते त्यांना विचारा.

आमचा दादा अजून प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, 'मी मिटवलं होतं, हिनेच ताणलं.' मी त्याला तिथे उत्तर देत नाही. दोन्ही कागद माझ्या मशीनच्या खणात आहेत, एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्टँपपेपरवर त्याची सही आहे आणि खाली तारीख. दवाखान्याच्या केसपेपरवरही तारीख आहे. मध्ये एकोणीस दिवस. त्याने कधीही येऊन मोजावेत.