शहर वाढतंय, तरी नगरपरिषदेकडे पैसा का नसतो? नागरिकांनी नेमकं काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा आहे : दहा वर्षांत गावातली घरं जवळपास दुप्पट झाली, बाजारपेठ वाढली, जागेचे भाव चढले, तरी पाणी चार दिवसांनी येतं आणि नगरपरिषद 'निधी नाही' म्हणते. मग पैसा जातो कुठे, आणि आपण काय विचारायचं?

गैरव्यवहार हे एक कारण असू शकतं, पण ते बाजूला ठेवलं तरी तिजोरी रिकामीच राहील अशी मूळ रचना आहे. शहराच्या वाढीवरचा बहुतेक कर शहराबाहेर जमा होतो. जो थोडा नगरपरिषदेच्या हातात आहे, तो नीट आकारलाच जात नाही. पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही, दुसरी बरीचशी आहे.

बाजारात विक्री वाढली की वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्याकडे जातो. व्यापाऱ्याच्या नफ्यावरचा आयकर केंद्राकडे जातो. फ्लॅट विकला गेला की मुद्रांक शुल्क राज्याकडे जमा होतं. त्यात स्थानिक संस्थेच्या नावाचा १ टक्का अधिभार असतो, पण तोही आधी शासनाकडे जाऊन मग अनुदान म्हणून परत येतो. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक अडवणारा तो वाईट कर होता आणि गेला ते बरंच झालं, पण व्यापार वाढला की तो आपोआप वाढायचा. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं. ते किती आणि कधी मिळेल हे मंत्रालयात ठरतं, आणि बहुतेक ठिकाणी ते पगारातच संपतं.

७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ कामं नगरपालिकांच्या नावावर लिहिली, पण त्यांच्या हक्काचे कर कोणते हे लिहिलं नाही; ते राज्यांवर सोडलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नगरपालिका वित्तविषयक अहवालात दिसतं की भारतात सगळ्या नगरपालिकांचा मिळून महसूल आणि खर्च देशाच्या जीडीपीच्या सुमारे १ टक्क्यावर वर्षानुवर्षं थबकलेला आहे. ब्राझीलमध्ये तो ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. त्यामुळे तुमचं गाव यात एकटं नाही.

आता हातातल्या कराकडे, म्हणजे घरपट्टीकडे (मालमत्ता कराकडे) येऊ. 'आमची वसुली ९० टक्के आहे' असं नगरपरिषद अभिमानाने सांगते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. वसुली ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधी तीन प्रश्न असतात : किती मालमत्ता यादीवर आल्या, त्यांचं मूल्य खरं धरलं का, आणि सूट-माफीत किती गेलं. एक काल्पनिक हिशेब घ्या. जागेवर १०,००० मालमत्ता आहेत, यादीत ७,५०० आहेत. ज्या यादीत आहेत त्यांचं करयोग्य मूल्य (ज्यावर कर लागतो ते) जुन्या भाड्याच्या दरांवर, म्हणजे खऱ्याच्या निम्मं धरलंय. आणि कराची जी मागणी निघाली, म्हणजे जितक्या रकमेची बिलं गेली, तिच्यातली ७० टक्के वसूल होते. ७५ टक्के गुणिले ५० टक्के गुणिले ७० टक्के, म्हणजे हातात येतो खऱ्या कराच्या जेमतेम २६ टक्के. वसुली ९५ टक्क्यांवर नेली तरी आकडा ३६ टक्क्यांच्या आतच राहतो. म्हणून केवळ वसुली मोहिमेवर, थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवण्यावर भर देणं मला अपुरं वाटतं. मोठी गळती आकारणीत आहे.

नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची आहे. पद्धत साधी आहे : मालमत्तेचं वार्षिक भाडेमूल्य ठरवायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, जे उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर नगरपरिषदेने ठरवलेला दर. बिघडतं ते असं. सर्वेक्षणाचं काम एजन्सीला दिलं जातं. ती ड्रोनने छपरं मोजते, पण वरचा मजला वापरात आहे की नाही, खाली दुकान आहे की गोठा, हे घरात गेल्याशिवाय कळत नाही. नोंदी चुकतात आणि एकाच गल्लीत सारख्याच दोन घरांना वेगवेगळा कर लागतो. आठ-बारा वर्षं रखडलेली वाढ एकदम येते, बिल तिप्पट होतं, हजारो हरकती येतात. निवडणूक जवळ असते, शासनाकडून स्थगिती येते आणि सर्वेक्षणाचा खर्च वाया जातो.

यावरचा उपाय पाटण्याने १९९३ मध्येच दाखवला होता. तिथे रस्त्याचा दर्जा, बांधकामाचा प्रकार आणि वापर या तीनच गोष्टींवरून क्षेत्रफळाप्रमाणे मूल्य ठरवलं, निरीक्षकाच्या मर्जीला जागा ठेवली नाही, आणि त्याच वेळी कराचा दर ४३.७५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणला. मूल्य खरं आणि दर कमी असा हा मेळ आहे. तुमच्याकडे फेरआकारणी येईल तेव्हा हाच आग्रह धरा : पहिल्या वर्षी नगरपरिषदेची एकूण मागणी फार वाढू नये इतका दर खाली आणा, आधी यादीबाहेरच्या मालमत्ता आत घ्या, आणि पुढची वाढ दरवर्षी थोडी थोडी करा. ज्याने आजवर काहीच भरलं नाही तो आत आला, की प्रामाणिकपणे भरणाऱ्याचा विरोध बराच मावळतो. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. पण अधूनमधून शास्तीमाफी जाहीर होत राहिली, तर थांबणाऱ्याचाच फायदा होतो आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. माफीला माझा विरोध आहे तो यासाठी.

पाण्याचं गणित मात्र सावकाश पाहायला हवं, कारण चार दिवसांआड पाण्याचं मूळ तिथे आहे. लोकसंख्या ५०,००० धरू. माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला ६७.५ लाख लिटर पाणी घरात पोचायला हवं. वाटेत ४० टक्के गळती आणि चोरीचे नळ असतील, तर जॅकवेलवरून, म्हणजे जिथून पाणी उपसतात त्या विहिरीवरून, ११२.५ लाख लिटर उचलावं लागतं. उपसा एकूण १०० मीटर उंचीचा आणि पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के असेल, तर दर हजार लिटरला साधारण ०.४२ युनिट वीज लागते. म्हणजे रोज सुमारे ४,७०० युनिट. ८ रुपये युनिट धरलं तर वर्षाचं वीजबिल १ कोटी ३७ लाखांच्या आसपास. आता उत्पन्न : ८,००० नळजोडण्या, अर्ध्या इंची नळाला वर्षाला सरसकट १,५०० रुपये, वसुली ७० टक्के, म्हणजे ८४ लाख. तुरटी, क्लोरीन, व्हॉल्व्हमनचे पगार आणि पंपांची दुरुस्ती अजून धरलेलीच नाही. वीजबिल थकतं, वीजपुरवठा तोडण्याची नोटीस येते, उपशाचे तास कमी होतात आणि पाणी एक दिवसाआडचं चार दिवसांआड होतं.

अशा वेळी नव्या योजनेची, दुसऱ्या धरणावरून पाणी आणण्याची मागणी होते. पण गळती ४० वरून २० टक्क्यांवर आणली तर तेवढंच पाणी पोचवायला ८४ लाख लिटर उपसा पुरतो आणि वर्षाला सुमारे ३५ लाखांची वीज वाचते. ही बचत दरवर्षीची असते. त्यासाठी क्रमाने करायचं ते हे : जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आणि प्रत्येक उंच टाकीच्या निकासावर बल्क मीटर (मुख्य नळीतलं एकूण पाणी मोजणारं), मग टाकीनिहाय पाण्याचा ताळेबंद, मग ज्या टाकीखाली तफावत सर्वांत जास्त तिथल्या जोडण्यांची घरोघर तपासणी, आणि शेवटी घरगुती मीटर. उलट क्रमाने केलं की मीटर गंजतात, कारण दोन तास पाणी आणि उरलेला वेळ नळीत हवा अशा पुरवठ्यात मीटर चुकीचं वाचतं आणि लवकर बंद पडतं. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी, मीटर आणि वापराप्रमाणे चढता दर हे तिन्ही एकत्र केलं, म्हणून ते टिकलं. पाणी चोवीस तास असेल तर लोक साठवत नाहीत, शिळं म्हणून ओतूनही देत नाहीत, आणि नळाला मोटर लावायचं कारण उरत नाही.

'निधी नाही' हे वाक्य अर्धं खरं असतं. अंदाजपत्रक उघडलं तर ते शिलकी दिसेल आणि आरंभीच्या शिल्लकेत कोट्यवधी रुपये असतील. ते बहुतेक अखर्चित अनुदान आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा असतात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांखालच्या शहरांना जे अनुदान दिलं, त्यातलं ६० टक्के बंधित होतं : निम्मं पिण्याचं पाणी आणि पुनर्वापरासाठी, निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेलं ४० टक्के मोकळं, पण पगार आणि आस्थापनेवर खर्चायचं नाही. योजनांच्या अनुदानात नगरपरिषदेला स्वतःचा वाटा, म्हणजे स्वहिस्सा भरावा लागतो. तो नसेल तर मंजूर कामाचा पुढचा हप्ता अडकतो. आणि काम झालं तरी ते चालवण्याचा खर्च अनुदानात नसतो. म्हणून मैलाशुद्धीकरण केंद्र बांधून बंद पडलेलं दिसतं. वीज आणि ऑपरेटर यांची तरतूदच केलेली नसते. 'निधी आणला' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा : हे चालवायला वर्षाला किती लागणार, आणि अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या सदरातून)?

व्यापारी संकुलातले गाळे हाही मोठा विषय आहे. मुदत संपलेले करार, वीस वर्षांपूर्वीचं भाडं आणि आत पोटभाडेकरू. मूळ गाळेधारक नगरपरिषदेला देतो त्याच्या कितीतरी पट भाडं स्वतः घेतो. ई-लिलाव आणि ठरावीक भाडेवाढीचे करार एवढ्याने उत्पन्न वाढतं, त्याला कुठली योजना लागत नाही.

आता वाढ होते ती जागा. बहुतेक नवी वस्ती हद्दीच्या कडेला, गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या तुकड्यांवर होते. सहा मीटरचाही रस्ता सोडलेला नसतो. दहा वर्षांनी हद्दवाढ होते आणि गटार, रस्ता, पाणी हे सगळं नगरपरिषदेच्या अंगावर येतं. तोवर जमीन इतकी महाग झालेली असते की विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे बाग-शाळेसाठी राखलेली जागा, संपादित करणं परवडत नाही. आराखड्याला दहा वर्षं झाली, मालकाने १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम १२७ ची खरेदी सूचना ('जागा घ्या, नाहीतर सोडा' अशी नोटीस) दिली आणि २४ महिन्यांत संपादनाची कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द होतं. बागा आणि शाळांच्या जागा अशाच गेल्या. याला उत्तर आहे नगररचना योजना : सगळ्या मालकांची जमीन एकत्र करायची, रस्ते-बागांसाठी ठरावीक हिस्सा काढायचा आणि उरलेले चौकोनी, रस्त्याला लागून असलेले प्लॉट मालकांना परत द्यायचे. क्षेत्र कमी होतं पण भाव वाढतो. या योजनांचा कायदा मूळ १९१५ चा, मुंबई इलाख्याचा आहे आणि तो मार्ग महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यात आजही आहे. अहमदाबादने त्याच्या जोरावर सुमारे ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडसाठी जमीन मिळवली. आपल्याकडे तो फारसा वापरला गेला नाही, याची मला मनापासून खंत आहे. बांधकाम परवानगीबरोबर येणारं विकास शुल्क एकदाच मिळतं; ते वीजबिलात घातलं तर नव्या वस्तीचं गटार कशातून होणार?

कागद मागायचे कसे? माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळं एकत्र कोंबू नका, अर्ज तोडा. पहिला अर्ज मागील पाच वर्षांच्या मालमत्ता कराच्या मागणी, वसुली आणि शिल्लक यांच्या तक्त्याचा. त्यात थकबाकी आणि चालू मागणी वेगळी मागा, आणि राज्याचा शिक्षण कर व रोजगार हमी कर वगळून मागा, कारण ते पैसे नगरपरिषदेचे नसतात. दुसरा, यादीवरील मालमत्तांची प्रभागनिहाय संख्या आणि शेवटच्या फेरआकारणीची तारीख. ही संख्या महावितरणच्या ग्राहकसंख्येशी ताडून पाहा. तिसरा, पाणीपुरवठ्याची बारा महिन्यांची वीजबिलं आणि पाणीपट्टीची वसुली. चौथा, ३१ मार्चची अनुदाननिहाय अखर्चित शिल्लक. पाचवा, स्थानिक निधी लेखापरीक्षणाचा शेवटचा अहवाल आणि अनुपालन, म्हणजे त्यातल्या आक्षेपांवर नगरपरिषदेने दिलेलं उत्तर.

अर्ज नोव्हेंबरमध्येच टाका. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येतं आणि त्याआधी नगरसेवकांच्या हातात आकडे पडले तरच उपयोग. अंदाजपत्रकात पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा रकाना सगळे वाचतात. तुम्ही मागील वर्षाच्या प्रत्यक्ष जमा-खर्चाचा वाचा. सलग तीन वर्षं एखाद्या शीर्षात अंदाज एक कोटीचा आणि प्रत्यक्ष जमा तीस लाख असेल, तर त्या अंदाजावर मंजूर केलेली कामं होणार नाहीत हे सभेतच लेखी विचारता येतं. आणि सगळं जमणार नसेल, एकच कागद मागायचा असेल, तर पाणीपुरवठ्याची वीजबिलं आणि पाणीपट्टीची वसुली हा तिसरा अर्ज करा. तुमच्या नळाला पाणी कधी येणार ते त्याच दोन आकड्यांवर ठरतंय.