टेकेटेके : आवाज गिटारमध्ये कमी, उजव्या हातात जास्त

‘द व्हेंचर्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 1965 सालच्या जपानमधल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं अजून आवडीनं ऐकली जातात. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : ‘पाइपलाइन’ ही धून सुरू होताना खर्जात जी घसरण ऐकू येते, ती नेमकी कशी वाजवतात? आमच्या बँडमध्ये नुसती खरखर होते. (कोल्हापूर)

जपानी चाहत्यांनी याच आवाजाला ‘टेकेटेके’ म्हटलं आणि पुढे अशा सगळ्या वादनालाच ते नाव चिकटलं. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर बोट साधारण बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास ठेवा आणि गिटारच्या डोक्याकडे घसरत न्या. त्याच वेळी पिक (तार छेडायची चकती) खाली-वर, खाली-वर, मात्रेला 4 आघात, एकही न गाळता. उजव्या तळहाताची कड ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीच्या) अगदी काठावर टेकलेली हवी. ती बोटभर जरी पुढे सरकली तरी स्वर मरतो आणि टकटक उरते. मागे राहिली तर तार मोकळी घणघणते.

तुमची खरखर बहुधा डाव्या हाताची आहे. घसरताना दाब मध्येच सुटतो आणि तार फ्रेटला नीट टेकत नाही. उलट, बोट गच्च दाबलं तर ते प्रत्येक फ्रेटवर अडखळतं. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवायचा, वेग उजव्या हाताकडे सोडायचा. मिनिटाला 80 मात्रांवर बसवा. आघात मोजता येऊ लागले की मगच 5-5 मात्रांनी वाढवा.

दुसरं कारण तारांचं. हल्ली सर्रास 9-42चा संच लावतात (आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). त्यातली 42ची तार जोरात मारली की सूर चढतो आणि तार हेलकावते. 11-49चा संच लावून बघा, फरक पहिल्याच घसरणीत कळेल. मात्र ताण वाढल्यानं मान वाकते, तेव्हा ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळी) जाणकाराकडून जुळवून घ्या. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम करकरीत करणारा परिणाम) पूर्ण बंद. स्प्रिंग रिव्हर्ब (अ‍ॅम्पमधला घुमाऱ्याचा परिणाम) 10पैकी 3 किंवा 4. त्यापुढे आघात एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

प्रश्न : ‘वॉक, डोन्ट रन’ 1960च्या तबकडीवर वेगळं वाटतं, कार्यक्रमात एवढं आक्रमक का? (पुणे)

कारण माणसं आणि जागा बदलल्या होत्या. मूळ मुद्रणात मुख्य गिटार बॉब बोगल यांची, आणि बास नोकी एडवर्ड्स यांचा. पुढे दोघांनी वाद्यं बदलली. जपानमध्ये ऐकू येते ती मुख्य गिटार एडवर्ड्स यांची. त्यांचा आघात टोकदार, बोटं विलक्षण चपळ. ड्रम्सवर मेल टेलर, जे मूळ मुद्रणाच्या वेळी वृंदात नव्हतेच. डॉन विल्सन यांची ठेक्याची गिटार मात्र पहिल्यापासून तीच. ती वेगळी काढून ऐका. चाहते मुख्य गिटारीत अडकतात आणि गाडी ओढणारा हा हात त्यांच्या कानातून निसटतो.

ते तेव्हा वाजवत असलेल्या मोझराइट कंपनीच्या गिटारींचाही वाटा आहे. त्यांचे पिकअप (तारांचं कंपन टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणारे भाग) दणकट, त्यामुळे अ‍ॅम्प लवकर करकरतो. शिवाय फ्रेट बुटके आणि मान बारीक, म्हणून बोटं भरभर पळतात.

प्रश्न : ‘कॅरॅव्हान’मध्ये ड्रम्सचा एकल भाग चालू असताना मध्येच बासचे स्वर येतात. ते कोण वाजवतं? (नागपूर)

दोघं मिळून, एकाच बासवर! बासवादक ड्रम्सजवळ येऊन डाव्या हातानं स्वर दाबतो आणि मेल टेलर त्याच तारांवर ड्रमच्या काठ्या मारतात. या वृंदाच्या कार्यक्रमांतला हा सगळ्यात सुंदर क्षण आहे. करून बघायचं असेल तर काठी मानेचा शेवट आणि पिकअप यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडू द्या. पिकअपवर पडली तर कडाड आवाज येतो. काठी तारेवर टेकवून ठेवू नका. डग्ग्यावरच्या थापेसारखी लगेच उचला, नाहीतर स्वर उमटायच्या आतच दबतो. बासचा आवाज आधी थोडा कमी करून घ्या.

प्रश्न : 1962च्या जपान दौऱ्याचं ध्वनिमुद्रण का सापडत नाही? (ठाणे)

त्या दौऱ्यावर चौघं गेलेच नव्हते. आयोजकांना सगळ्यांचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून बोगल आणि विल्सन दोघंच गेले. तुम्ही शोधताय तो भरगच्च आवाज 1965पासूनचा.

प्रश्न : 1965च्या चौघा वादकांपैकी आज कोण आहे? (बेळगाव)

कोणीही नाही. मेल टेलर 1996 मध्ये, बोगल 2009 मध्ये, एडवर्ड्स 2018 मध्ये आणि विल्सन जानेवारी 2022 मध्ये गेले. मेल यांच्यानंतर ड्रम्स त्यांचे चिरंजीव लिऑन टेलर यांनी सांभाळले.