एक्झॉस्ट फॅन लावलाय म्हणून गॅस गिझर निर्धोक होत नाही

तुमचा प्रश्न असा: नाताळच्या सुट्टीत पुण्याहून लेक-जावई, नातवंडं येणार, घरात ९ माणसं आणि एक कुत्रा, नंतर ४ दिवस घराला कुलूप, तर काय काळजी घ्यावी? कुलपाचं पुढे सांगतो. माझं डोकं फिरलं ते तुमच्या शेवटच्या ओळीवर. ‘गॅस गिझर बाथरूममध्येच आहे, पण एक्झॉस्ट आहे, त्यामुळे ती काळजी नाही.’ सोलापुरात गिझर बसवायला गेलं की हेच वाक्य कानावर येतं.

हिशेब बघा. १ किलो गॅस जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटरचा गिझर मोठ्या ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. ४ बाय ६ ची, ९ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम ६ घनमीटर. दार-खिडकी बंद ठेवून अर्धा तास चालवला तर खोलीभर हवा एकट्या गिझरलाच लागते. त्याच्या बऱ्याच आधी ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. एकटा माणूस दहा मिनिटांत अंघोळ उरकतो, म्हणून वर्षभर काही होत नाही. पाहुणे आले की एकामागून एक अंघोळी, मध्ये दार उघडतं ते क्षणभर. पाचव्या-सहाव्या माणसाची पाळी वाईट, त्यातून ती केस धुणाऱ्या बाईची असली तर फारच.

फॅन हवा बाहेर फेकतो, मान्य. पण आत यायला वाट कुठंय? दाराखालून पाणी बाहेर येऊ नये म्हणून रबरी पट्टी मारलेली, खिडकीची काच थंडीमुळे बंद. फॅन नुसता घरघरतो. त्यातून गिझर एका भिंतीला आणि फॅन समोरच्या भिंतीला असेल तर धूर न्हाणाऱ्याच्या डोक्यावरून जातो.

‘वास आला असता की!’ नाही येत. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुडघ्यातलं बळ जातं, आणि घरचे म्हणतात पित्त झालं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, ९८ दाखवत राहतो. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा. म्हातारी माणसं आणि पोरांना आतून कडी लावू देऊ नका.

गिझरची जागा बाहेर: गॅलरी, गच्ची किंवा वरून उघडी डक्ट. आत यावा फक्त गरम पाण्याचा पाइप. वाऱ्याने ज्योत विझते म्हणून वर पत्रा मारा, पण खालून-वरून मोकळं ठेवा. सिलिंडर गिझरच्या थेट खाली नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, आतल्या तांब्याच्या नळीत क्षार धरतात, नळीभोवतीच्या पातळ पत्र्यांवर काजळी बसते. ज्योत निळी सोडून पिवळी दिसली की साफ करून घेतल्याशिवाय पेटवू नका. रबरी नळी ५ वर्षांनी बदलायची, चांगली दिसत असली तरी.

हाच वायू कोळशाच्या शेगडीचा. बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी ठेवायची पद्धत मला पटत नाही, आजी कितीही रागावोत.

बाकीचं. कुलूप लावताना रेग्युलेटर बंद आणि नळाच्या तोट्या एकेक फिरवून बघा. आपल्याकडे पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही, कोरडी तोटी उघडी राहिली तर तुम्ही परत येईपर्यंत हॉलमध्ये तळं. कुत्र्याला उंदराच्या औषधापासून, चॉकलेट, मनुका आणि कांद्याच्या रश्श्यापासून लांब ठेवा. पाहुणे जानेवारीपर्यंत राहिले आणि घर होम मैदानाजवळ असलं, तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाच्या दिवशी त्याला उजेडातच फिरवून आणा, नंतर आतल्या खोलीत.

घर भाड्याचं असेल आणि मालक भिंत फोडू देत नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, मग आत जा. गैरसोय आहे, माहीत आहे.

आमच्या थोरल्या भावाचं म्हणणं, गिझर बाहेर नेला की पाइपात पाणी गार होतं. होतं ना. १० फूट अर्धा इंची पाइपात अर्धा लिटरही पाणी बसत नाही. तेवढं आधी बादलीत सोडायचं.