आपला संघ खेळतोय? मग गुणलेखनाच्या टेबलापासून लांब राहा

ताई, तुमच्या मंडळाच्या मुली जिल्हा कबड्डी निवड चाचणीत खेळताहेत आणि आयोजकांना स्वयंसेवक हवेत, तर नाव द्यावं का, असं विचारलंत. जरूर द्या. माणसं कमी पडली की सामने रात्री उशिरापर्यंत रखडतात, आणि हाल पोरींचेच होतात. फक्त नाव देतानाच सांगून टाका, 'आमचा संघ आहे, मला टेबलावर बसवू नका.'

एकदा पोळलोय म्हणून सांगतो. आयत्या वेळी माणूस आला नाही, म्हणून आमच्याच मंडळाच्या सामन्याला मी सहाय्यक गुणलेखक म्हणून बसलो. काम सोपं वाटतं: गडी ज्या क्रमाने बाद झाले तो लिहायचा आणि त्याच क्रमाने त्यांना परत आत सोडायचं. शेवटची दोन मिनिटं होती. आमच्या पोरांनी अशी पकड केली की मी कागद विसरून तिकडेच बघत राहिलो, आणि पहिल्या बाद गड्याऐवजी तिसऱ्याला, आमच्या हुकमी चढाईपटूला, आत पाठवलं. पुढची चढाई सुरू व्हायच्या आत समोरच्या प्रशिक्षकांनी हरकत घेतली, सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, कागद बघितला, गडी बदलला. खेळात काही बिघडलं नाही. पण परक्याच्या हातून झाली असती तर ती चूक म्हणून सोडून दिली असती. माझ्या हातून झाली म्हणून लबाडी ठरली. सामना पोरांनी घाम गाळून जिंकला होता, तरी गाडीत बसेपर्यंत 'टेबल तुमचंच होतं' हे त्यांना ऐकावं लागलं. ते मला अजून लागतं.

आपल्या गटातल्या दुसऱ्या संघांच्या सामन्यांनाही तिथे बसू नका. साखळीत त्यांच्या निकालावर आपलं पुढे जाणं अवलंबून असतं. वजनकाटाही नको. पाव किलो जास्त भरलेली आपली पोर रडवेली होऊन तुमच्याकडे बघते, तेव्हा कठीण जातं.

मॅट पुसायचं काम मागून घ्या. घामाच्या थेंबावर पाय सरकला की गुडघा जातो, म्हणून दोन सामन्यांच्या मध्ये कोरड्या फडक्याने कोपरे, बोनस रेषा, सगळं पुसून काढायचं. पाणी, प्रथमोपचार, पुढच्या संघाला वेळेत मैदानाजवळ आणून उभं करणं, हीही कामं चांगली. मंडळाचा टी-शर्ट मात्र घालू नका, आणि रेषेजवळून 'बोनस घे गं' असं ओरडू नका.

मुलींना आदल्या दिवशीच सांगा, की उद्या मी तुमच्या बाकावर नसेन. नाहीतर मध्यंतराच्या पाच मिनिटांत त्या तुम्हालाच शोधत बसतील.