चिंच, बेदाणा आणि गोचीड

थंडी ओसरायला लागली की शेतावरच्या कुत्र्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळची चार.

आमचं बेदाण्याचं शेड आहे. दोन कुत्री शेडखालीच असतात आणि गळालेले मणी खातात. बेदाणा कुत्र्याला विषारी असतो, असं परवा कुणी तरी सांगितलं. आमची तर तीन वर्षं खातायत. खरं काय? (तासगाव तालुका)

सांगणाऱ्याचं खरं आहे. द्राक्षापेक्षा बेदाणा वाईट, कारण साधारण चार किलो द्राक्षांतलं सगळं एक किलो बेदाण्यात उतरतं. संशय टार्टारिक आम्लावर आहे. त्याचं प्रमाण वाणावर आणि पिकण्यावर कमीजास्त होतं, म्हणून एखादं कुत्रं तीन वर्षं पचवतं आणि दुसऱ्याला मूठभर भोवतो. इतका चालेल, असा आकडा कुणीच देऊ शकत नाही.

खाल्ल्यावर पहिल्या दिवसात उलट्या होतात, त्यांत फुगलेले मणी दिसतात. मग सुस्ती, खाणं बंद. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड बसतं आणि लघवी थांबते. तिथवर गेलेलं कुत्रं क्वचितच वाचतं. खाताना पाहिलंत तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या. ते इंजेक्शनने उलटी करवतात आणि पुढे निदान दोन दिवस सलाईन लावतात. घरी मीठपाणी पाजू नका, त्या मिठाचीच विषबाधा होते.

शेडच्या खालच्या कप्प्याला चारी बाजूंनी तीन फूट जाळी मारा. झाडलोटीचा माल उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या पिंपात ठेवा. आणि हो, चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं. सध्या घरोघर चिंच फोडणं चाललंय, तेव्हा ओसरीवर गोळे उघडे ठेवून उठू नका.

गोठ्यात गोचिडाचं औषध मारलं, उरलेलं कुत्र्यालाही चोळलं. कुत्रं झोकांड्या खायला लागलं, आणि आठवड्यात कानात पुन्हा गोचीड! (माण तालुका)

दोन्ही गोष्टी होणारच होत्या. जनावरांचं औषध बाटलीत अर्क असतं, ते पाण्यात पातळ करून वापरायचं. तसंच चोळलं तर कातडीतून आत जातं, शिवाय कुत्रं चाटून पोटात घेतं. त्यात अमिट्राझ हे गोचीडनाशक असेल तर झोकांड्या, गुंगी, नाडी मंद. अशा वेळी साबणाने अंग धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. या औषधावर उतारा मिळतो, पण डॉक्टरांना नाव कळायला हवं.

आता गोचीड परत का आले. गाईच्या अंगावरचा आणि कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड बहुधा वेगवेगळ्या जातीचा असतो. कुत्र्याचा गोचीड रक्त पिऊन टम्म झाला की खाली पडतो, भिंतीवर चढतो आणि फटीत हजारांनी अंडी घालतो. कुत्र्याच्या बसायच्या जागेमागची भिंत बॅटरी लावून बघा, मोहरीएवढी पिल्लं वर सरकताना दिसतील. उन्हाचा ताव वाढला की ही पिढी झपाट्याने तयार होते. म्हणून माघ-फाल्गुनातच फटी सिमेंटने बुजवा, वर चुना मारा, अंथरायची पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. तीन आठवड्यांनी हेच पुन्हा, कारण अंडी औषधाने मरत नाहीत.

अंगावर फिप्रोनिलचा कुत्र्यांसाठीचा फवारा मारा. आखूड केसांच्या कुत्र्याला किलोमागे ३ मिली, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ४५ मिली. केस उलटे करून मुळाशी मारा. आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत आंघोळ नको. लोक दोन पिचकाऱ्या मारतात आणि औषध बोगस म्हणतात! चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नखाने चिरडू नका, रॉकेल तर नकोच.

ताप, हिरड्या पांढऱ्या, पोटावर लाल-काळे ठिपके किंवा नाकातून रक्त दिसलं तर गोचीडतापाची शंका घ्या. रक्त तपासून डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि माणसं गोळ्या बंद करतात, तिथे आजार उलटतो. माणसाच्या तापाच्या गोळ्या अजिबात देऊ नका.

शेजारच्या उसाला तोड आलीय. बांधावर बिबट्याचे ठसे आहेत. कुत्रं रात्री अंगणात साखळीला असतं. खिळ्यांचा पट्टा घालावा का? (शिराळा तालुका)

पट्टा घाला, मान वाचते. पण साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं ताट, त्याला पळताही येत नाही. रात्री आत घ्या. गोठ्याच्या भिंतीला लागून चार फूट बाय चार फूट, साडेतीन फूट उंच पिंजरा करा. दोन इंची वेल्डेड जाळी, आणि छतालाही जाळी हवीच, बिबट्या वरून उतरतो. कडी अशी, की पंजाने ढकलून उघडणार नाही. तळाला फळी, वर पोतं. कारवानीसारख्या आखूड केसांच्या सडपातळ कुत्र्याला पहाटेचा गारठा बाधतो, त्याला दुसरं पोतं द्या. राखण कशी होणार म्हणाल, तर कुत्र्याचं काम भुंकायचं, ते पिंजऱ्यातूनही होतं.

उसाच्या सरीत बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर मुळीच नका. त्या फडातली तोड थांबवून माणसं मागे घ्या आणि वन विभागाला १९२६ वर कळवा.

जत्रेत बोकड कापल्यावर आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकतात. चालतं का? (खटाव तालुका)

कच्चं नको. काळजात-फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी असतील तर त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक टेपवर्म, म्हणजे चपटा जंत, वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, मेंढ्यांत, आणि न धुतलेल्या हातांनी माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या काळजातली गाठ वाढायला वर्षं लागतात, बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. गाठीचा भाग खोल पुरून वर दगड ठेवा. बाकीचं अर्धा तास उकळून घाला. आधीच खाल्लं असेल तर प्राझिक्वांटेल किलोमागे ५ मिलिग्रॅम, दीड महिन्याने पुन्हा. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांची विष्ठा गोळा करून पुरा. जंताची साधी गोळी दिली होती म्हणून निर्धास्त राहू नका, पाकिटावर प्राझिक्वांटेल लिहिलंय का ते बघा.